पस सेल्स: भरपूर

"मॅडम, हे मामांचं आहे," सिस्टर साळवे म्हणाल्या आणि त्यांनी सिरिंज माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली. "हंचाटे सरांनी सांगितलंय, अर्ध्या तासात कळवा. थिएटर तयार ठेवलंय."

सिरिंजमध्ये काळ्या चहाच्या रंगाचं, दाटसर, जेमतेम दोन मिली पाणी होतं. चिकटपट्टीवर नाव होतं: मल्लेशम म्याकल, वय ५२, पुरुष वॉर्ड, खाट अकरा.

आमच्या लॅबमध्ये असे नमुने हातात घेणारा, त्यांना नंबर टाकणारा, काचेवर पसरून रंगवणारा माणूस एकच होता. तोच खाट अकरावर पडला होता. म्हणून त्या दिवशी मी स्वतः उठले, हातमोजे चढवले आणि काचा पुसायला घेतल्या.

सोलापुरातल्या एका ट्रस्टचं ते हॉस्पिटल. साल १९९३, मार्च महिना. मी मिरजेहून एम. डी. करून आले त्याला अकरा महिने झाले होते. एक वर्ष तात्पुरती नेमणूक, नंतर कायम, असा करार. नवरा इथल्याच कॉलेजात शिकवत होता. पॅथॉलॉजिस्टची दुसरी जागा गावात तेव्हा कुठे रिकामी नव्हती.

म्याकलमामा मूळचे यंत्रमागावरचे. पूर्व भागातलं तेलुगू घर, वडील विणकर, भाऊ विणकर. मागाच्या खडखडाटानं कान दुखतात म्हणून विशीच्या आतच ते हॉस्पिटलात काचा धुवायला लागले. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी त्यांना हळूहळू सगळं शिकवलं. सर्टिफिकेट कसलंच नाही, पण रक्ताची काच उजेडात धरली की नुसत्या रंगावरून ती नीट पसरली आहे की नाही ते सांगायचे. मला पहिल्या आठवड्यात म्हणाले होते, "मॅडम, राग मानू नका. तुम्ही मधे मधे बघताय. मोठ्या पेशी कडेला जाऊन बसतात. कडेनं चला की."

पुस्तकात ते होतंच. पण मला ते मामांनी सांगितल्यावर दिसायला लागलं.

एकदा एका गळवाचा पू आम्ही दोघं बघत होतो. सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता ते म्हणाले, "ह्या टपोऱ्या दिसतात बघा, पोटात काहीतरी गिळलेल्या. ह्या दिसल्या की मी मनात म्हणतो, सुधारतंय पेशंट."

"का बरं?"

"का ते तुम्ही सांगा. मी आपला तीस वर्षं बघतोय."

मग मी सांगितलं. आधी धावत येतात त्या लहान पांढऱ्या पेशी. आम्ही त्यांना पॉली म्हणायचो. त्या लढतात आणि दिवस-दोन दिवसांत तिथंच मरतात. त्यांची मढी तशीच पडून राहिली तर फुटतात, आतलं तिखट पाणी सांडतं, त्यानं शेजारचं चांगलं मांस जळतं आणि आणखी पॉली धावत येतात. म्हणून मागून या मोठ्या पेशी येतात आणि मेलेल्या पॉली फुटायच्या आत गिळून टाकतात. गिळलं की त्या स्वतःही निवतात आणि भोवतालालाही निवण्याचा निरोप देतात. मरायला टेकलेली पेशी आपल्या अंगावर तशी खूण बाहेर काढते, ती बघून मोठी पेशी तिला ओळखते, असं अलीकडे परदेशी मासिकांत येत होतं. मी ते नवं नवं वाचलं होतं, त्यामुळे उत्साहानं सांगितलं.

मामांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "जंतू नसतील तर नसतील ना येत ह्या पॉली?"

"तरीही येतात. भाजलं, मुका मार लागला, हार्ट अटॅक आला. आपलीच पेशी फुटून मेली तरी तशीच वर्दी जाते. जंतू आलाय की घरचंच कुणी मेलंय, ते त्यांना आधी कळत नाही."

"आमच्या गल्लीसारखं हाय," मामा हसले. "कुणी ओरडलं की सगळी पळत सुटतात. काय झालंय ते मागनं विचारतात."

ती सिरिंज आली त्याच्या आठ दिवस आधी, सकाळी दहाच्या सुमारास मामा काउंटरला धरून खाली बसले. पोटातली कळ पाठीतून आरपार जात होती. घामानं शर्ट चिंब. तशातही मला म्हणाले, "रक्त इथंच काढा. वर गेल्यावर दोन तास लावतील." रक्त मी काढलं, तपासलंही मीच. स्वादुपिंडाला सूज आल्याचं त्यातून उघड दिसत होतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. एखादा खडा घसरून नळीच्या तोंडाशी अडकला असणार. अन्न पचवायचा रस आतल्या आत कोंडून स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागलं होतं.

त्यांच्यावर इलाज डॉ. हंचाटे करत होते. हॉस्पिटलातले सगळ्यात जुने सर्जन, साठीला आलेले, हात सोन्याचा म्हणून जिल्हाभर नाव. त्यांचा मामांवर जीव होता, हे आधीच सांगते. ऑपरेशनच्या दिवशी मामांनी सुपारी कातरून द्यावी आणि सरांनी ती चघळत थिएटरकडे जावं, हा वीस वर्षांचा रिवाज होता. आजारपणात सर दिवसातून तीनदा खाट अकराशी येत, स्वतः नाडी बघत.

मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत वर जायचे. मामांच्या नाकात नळी, हाताला सलाईन. त्यांची बायको राजमणीअक्का खाटेशेजारी जमिनीवर बसून पुठ्ठ्यानं वारा घालत असायच्या. अक्का घरी विड्या वळायच्या. बोटांना तंबाखूचा वास कायमचा. त्यांना मूल नव्हतं.

सातव्या दिवशी मामांनी विचारलं, "काउंट किती आला?"

"पांढऱ्या पेशी अठरा हजार."

"परवा बावीस होता."

"हो."

"मग उतरतंय की, मॅडम."

"उतरतंय," मी म्हटलं. "ताप आहे अजून, पण उतरतंय."

तेवढ्यात हंचाटे सर आले. पोट दाबून पाहिलं. मामांनी दात आवळले.

"आत सडलंय, मल्लेशम," सर म्हणाले. "आठवडा झाला, ताप हटत नाही. उघडून सगळं काढून टाकतो. मोकळा होशील."

मामांनी नाकातली नळी बोटानं जरा सरकवून धरली. नळीमुळे बोलताना घसा दुखायचा. मग म्हणाले, "सर, सुई घालून पाणी काढा की थोडं. मॅडमना बघू द्या. जंतू असले तर कापा. नसले तर राहू द्या दोन दिवस."

"मला शिकवतोस होय रे?"

"नाही सर. मी आपला काचवाला माणूस. काच बघितल्याबिगर मला पटत नाही."

सर हसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं, तुझ्या मॅडमना विचारू. त्या म्हणतील तसं."

तेच पाणी आता माझ्यासमोर होतं.

मी दोन काचा केल्या. एक जंतूंसाठी रंगवली, एक पेशींसाठी. उरलेलं कल्चरला लावलं. जंतू असतील तर दोन-तीन दिवसांत प्लेटवर उगवतील. मग सूक्ष्मदर्शकाशी बसले आणि कडेनं सुरुवात केली.

पेशींचा सडा पडला होता. बऱ्याचशा पॉली मेलेल्या, केंद्रकं आकसून काळी टिकलीएवढी झालेली. त्यांच्यामधून चरबीचे थेंब, विरघळलेल्या मांसाचा गाळ. जंतूंच्या काचेवर मी प्रत्येक ओळ दोनदा फिरले. एकही नाही. दुसरी काच केली, तीही सबंध पाहिली. नाही.

आणि पेशींच्या काचेवर, कडेला, त्या होत्या. टपोऱ्या, फेसाळ पोटाच्या. एकीत एक पॉली गिळलेली, दुसरीत दोन, तिसरीत नुसते काळे तुकडे उरलेले. एक-दोन नाही, जिथं बघावं तिथं. आत कुणीतरी गाळ उपसायला लागलं होतं. काउंट उगीच उतरत नव्हता.

मी मान वर केली तेव्हा हंचाटे सर दारात उभे होते. ते लॅबमध्ये क्वचितच यायचे.

"काय दिसतंय, बारबोले?"

"सर, जंतू नाहीत. दोन काचा पाहिल्या."

"पस सेल्स?"

लॅबच्या भाषेत पॉलीला पस सेल म्हणायची पद्धत आहे. पू असो वा नसो, कागदावर पस सेलच लिहितात.

"आहेत सर."

"किती?"

"भरपूर. पण सर, त्या मेलेल्या मांसामुळे आल्यात. जंतूंमुळे नाही. शिवाय मोठ्या पेशी त्यांना गिळायला लागल्यात. म्हणजे सूज निवायला सुरुवात झालीय. तुम्ही बघता का? कडेला..."

"मला नका दाखवू." ते खुर्ची ओढून बसले. आवाज चढला नव्हता, उलट दमलेला होता. "तुम्ही काच बघता, मी माणूस बघतो. तीस वर्षं पोटं उघडतोय. ताप एकशे दोन, पोट फळीसारखं, त्यात भरपूर पस सेल्स. याला काय म्हणतात?"

"सर, आपल्या लायब्ररीत एका मासिकात आलंय. जंतू नसतील तर अशा पेशंटना लगेच उघडू नये, थांबावं. लवकर उघडलं तर रक्तस्राव..."

"कुठलं मासिक?"

"अमेरिकेतलं आहे."

"तिथं खाटेशेजारी चोवीस तास चार डॉक्टर असतात. इथं कोण आहे? साळवे सिस्टर." त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "मी थांबलो आणि मल्लेशम परवा गेला, तर मी काय सांगू लोकांना? की बारबोलेबाईंच्या काचेत जंतू दिसले नाहीत?"

"कल्चर लावलंय. दोन दिवसांत कळेल."

"दोन दिवसांत उगवलं तर?" ते पुढे झुकले. "तुम्ही आज लिहून द्याल जंतू नाहीत, मी थांबेन, आणि परवा प्लेट भरून निघेल. तेव्हा कुणाची मान अडकेल? माझी नाही. बारबोले, मी तुमच्या भल्याचं सांगतो. जे दिसलं ते लिहा. जे दिसलंच नाही, त्याची साक्ष कशाला देता?"

मी काच उचलून बाजूला ठेवली.

"परवा कमिटीत तुमचा विषय निघाला होता," उठताना ते म्हणाले. "मी म्हटलं, मुलगी हुशार आहे, आणि आपली पायरी ओळखून आहे. कायम करायला हरकत नाही." दारापाशी थांबून पुन्हा म्हणाले, "लवकर पाठवा. भूल देणारे खोळंबलेत."

ही धमकी होती असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ती धमकी नव्हती. ते माझं कौतुक करत होते.

माझे रिपोर्ट नेहमी तीन ओळींचे असायचे. पहिली पेशींची, दुसरी जंतूंची, तिसरी कल्चरची. त्या दिवशी मी पहिली ओळ लिहिली: पस सेल्स, भरपूर. मग पेन तसंच धरून बसले. बाहेर कुणीतरी केसपेपरसाठी भांडत होतं. मी खालची ओळ लिहिली: कल्चर रिपोर्ट यायचा आहे. सही केली. कागद गेला.

दहा मिनिटांनी सिस्टर साळवे परत आल्या.

"मामा ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाहीत. म्हणतात, मॅडमना वर बोलवा, एक मिनिट."

माझ्या समोरच्या ट्रेमध्ये ओपीडीच्या लघवीच्या तपासण्या होत्या. काही घाईच्या नव्हत्या.

"मी कामात आहे," मी म्हणाले. "रिपोर्ट दाखवा त्यांना. त्यांना वाचता येतो."

"मी दाखवते," सिस्टर म्हणाल्या, आणि जराशा थांबल्या. मी मान वर केली नाही. त्या गेल्या.

लॅबपासून पुरुष वॉर्ड अठ्ठावीस पायऱ्या वर होता.

मामांनी सही केली. दुपारी दीड वाजता त्यांना आत नेलं. साडेचारला थिएटरच्या सिस्टर रक्ताच्या बाटल्या मागायला स्वतः खाली आल्या. त्यांच्या चपलांवर रक्त होतं.

"पू असा निघालाच नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "नुसता काळपट गाळ. हात लावावा तिथून मांस सुटून येत होतं. मग रक्त थांबेना. सरांनी कापड कोंबून पोट बंद केलंय."

मी चार बाटल्या जुळवून दिल्या. मामांचा गट ओ पॉझिटिव्ह होता. लॅबमधल्या दोघांनी रक्त दिलं, एका रिक्षावाल्यानं दिलं, चौथी बाटली माझी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मामा गेले. तोवर शुद्ध अशी आलीच नाही. हंचाटे सर वॉर्डाच्या मागच्या जिन्यात कठड्याला धरून उभे होते. मला पाहून म्हणाले, "उशीर केला आपण. चार दिवस आधी उघडायला हवं होतं." त्यांचे डोळे लाल होते, आणि ते बोलले ते त्यांना मनापासून वाटत होतं.

त्याच सकाळी मी उबदार कपाटातून प्लेट काढली. तिसरा दिवस लागला होता. तीवर काहीच उगवलेलं नव्हतं. उजेडात धरून तिरकी केली, भिंगातून पाहिली. धुऊन ठेवल्यासारखी स्वच्छ.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं: वाढ नाही. एक प्रत केसपेपरला लावायला पाठवली. केसपेपर तेव्हा बंद होऊन रेकॉर्डला गेला होता. प्रत त्यात लागली की नाही, मी विचारलं नाही. आज कुणी ते रजिस्टर काढलं तर त्यात माझ्या हातची एकही ओळ खोटी सापडणार नाही. न कापता मामा जगलेच असते, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा आजारात तेव्हा पुष्कळ माणसं जायची. पण त्यांनी एक गोष्ट विचारली होती, आणि तिचं उत्तर मला माहीत होतं.

पंधराव्या दिवशी राजमणीअक्का लॅबमध्ये आल्या. मामांच्या खणातल्या वस्तू न्यायला आल्या होत्या: चष्मा, अडकित्ता, एक स्वेटर. मी त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या नाहीत.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा ना."

"तुम्ही त्या दिवशी वर आला नाही. काम होतं म्हणली सिस्टर."

"हो."

"हे वाट बघत होते. मग कागद आणला सिस्टरनी. यांनी लई वेळ वाचला. मी म्हणलं, काय लिहिलंय? तर म्हणाले, मॅडमनी जंतूची ओळच लिहिली नाही. मॅडम कधी ओळ सोडत नाहीत."

खणात आणखी काही आहे का ते मी बघू लागले. खण रिकामा होता.

"मी म्हणलं, मग विसरल्या असतील. तर म्हणाले, विसरायच्या नाहीत त्या. जंतू लई असतील. मी काच वाचणारा माणूस, मला वाचून भीती बसेल म्हणून लिहिलं नसेल. मनानं लई चांगल्या हायत. वर पण म्हणूनच आल्या नाहीत, तोंडावर सांगवत नसेल." अक्कांनी पदरानं नाक पुसलं. "मग सही केली. म्हणाले, मॅडमना माहीत हाय म्हणजे कापायलाच पाहिजे."

मी उभीच होते. टेबलाची कड हाताला लागत होती.

"आमच्या दिराचं म्हणणं हाय, उगीच कापलं. शेजारची पण तसंच बोलतात. माझ्या जिवाला लागून राहिलंय, मॅडम. सही करताना मी त्यांचा हात धरला होता ना. कागदाखाली पाटी मीच धरली होती." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "होते ना जंतू?"

लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. मी म्हणाले, "होते."

अक्कांनी श्वास सोडला. "मग झालं," त्या म्हणाल्या. "मग झालं बघा." मग वाकून माझ्या पायाला हात लावायला लागल्या. त्या माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या होत्या. मी मागं सरले, तरी बोटं पावलाला लागलीच.

पुढच्या महिन्यात माझी कायम नेमणुकीची ऑर्डर आली.

दिवाळीनंतर ट्रस्टनं राजमणीअक्कांना कामावर घेतलं. शिक्षण नव्हतं, म्हणून लॅबमध्ये काचा धुवायला. त्यांना दुसरीकडे, धोबीखात्यात किंवा स्वयंपाकघरात पाठवा, असं मी सांगू शकले असते. पण कारण विचारलं असतं. त्या आल्या आणि चौदा वर्षं राहिल्या. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन माझं टेबल पुसायच्या. नवी पोरं-पोरी कामाला लागली की त्यांना सांगायच्या, "मॅडमचा कागद म्हणजे कागद. आमच्या मालकांनी मरताना पण त्यांच्यावर भरवसा ठेवला."

हंचाटे सर तीन वर्षांनी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी मामांची आठवण काढली, डोळे पुसले. अक्कांनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

सहा-सात वर्षं गेली असतील. एका दुपारी अक्का वाफेच्या कुकरमधून निघालेल्या प्लेटी धुवायला बसल्या होत्या. शेजारी दुसरा ढीग होता, अजून कुकरमध्ये जायचा. एव्हाना त्यांना त्यातलं बरंच कळायला लागलं होतं. त्या ढिगातली एक प्लेट उजेडात धरून त्या म्हणाल्या, "हिच्यावर काही उगवलं नाही. म्हणजे जंतू नाहीत. बरोबर का, मॅडम?"

"बरोबर."

"आमच्या मालकांचं पण लावलं असेल ना असं?"

"लावलं होतं."

"मग काय उगवलं होतं त्यात?"

त्या सहज विचारत होत्या. प्लेट अजून हातात होती, तिच्यातून खिडकीचा उजेड पलीकडे पडत होता. खोलीत नवी टेक्निशियन मुलगी होती, तीही ऐकत होती. मी म्हणू शकले असते की आठवत नाही. अक्कांनी विश्वास ठेवला असता.

"ई. कोलाय," मी म्हणाले. तोंडात आधी तेच नाव आलं. जंतूंमध्ये ते रोजचं असतं.

"कसं दिसतंय ते?"

न धुतलेल्या ढिगात वरच एक होती. मी तिच्याकडे बोट केलं. गडद गुलाबी ठिपके, दाटीवाटीनं, बहुधा कुणाच्या तरी लघवीतले. अक्कांनी ती प्लेट दोन्ही हातांनी उचलली, झाकणासकट डोळ्यांजवळ नेली. किती वेळ बघत होत्या ते मी सांगू शकत नाही. मी माझ्या कागदांकडे बघत होते.

"हे होय," त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हापासून गुलाबी प्लेटी त्या वेगळ्या काढू लागल्या. बाकीच्या एकदा वाफवायच्या, त्या दोनदा. दुसऱ्यांदा निघाल्या की उकळत्या पाण्याच्या घमेल्यात टाकायच्या आणि हातमोजे न घालता घासायच्या, तोंडातल्या तोंडात तेलुगूत काहीतरी बोलत. बोटांची कातडी सोलवटून निघायची. नवी मुलगी त्यांना रागवायची, "अहो अक्का, एका वाफेत मरतात सगळे. कशाला हात भाजून घेता?"

"तुला काय माहीत," अक्का म्हणायच्या. "मॅडमना विचार, कसले असतात हे."

मग ती मुलगी माझ्याकडे बघायची, अक्काही बघायच्या, आणि मी मान हलवायचे.